आदिवासी शिक्षणसंस्थेच्या परिषदेत कोण बसावं?

वैनगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. आम्ही गडचिरोलीतले चार-पाच जण एक मसुदा लिहितोय. आदिवासींची स्वतःची उच्च शिक्षणसंस्था निघाली तर तिच्या परिषदेचे, म्हणजे कारभार बघणाऱ्या मंडळाचे, नियम काय असावेत, यावर. आम्हाला कोणी विचारलेलं नाही, पण उद्या विचारलं तर कोरा कागद पुढे करायला नको.

दुखणं असं की आमचं गोंडवाना विद्यापीठ 2011 साली नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं, कायदा मात्र राज्यभर एकच. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात अधिसभेवर (सिनेटवर) पदवीधरांच्या दहा जागा, त्यात अनुसूचित जमातीची एक. मुंबईतही एक न् इथेही एकच! 2011 च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात 38.7 टक्के लोक जमातींचे आहेत. म्हणून आमचं म्हणणं, निम्म्याहून जास्त सदस्य ग्रामसभांनी पाठवावेत. एक मित्र म्हणतो, त्याने जिल्हा परिषदेचं राजकारण आत घुसेल. बाहेरच्या देशांत काय अनुभव आहे?

हॅमिल्टनकर:
न्यूझीलंडचं सांगतो. इथे माओरींच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, तीन उच्च शिक्षणसंस्था आहेत, त्यांना वानंगा म्हणतात. 2015 साली सरकारने विद्यापीठं आणि वानंगा, सगळ्यांच्या परिषदा 12-20 वरून 8-12 सदस्यांवर आणल्या. त्यातले तीन किंवा चार सदस्य मंत्र्याने नेमलेले. शिक्षक आणि विद्यार्थ्यांच्या राखीव जागा तेव्हा गेल्या, 2018 मध्ये परत आल्या. 2023 च्या दुरुस्तीने वानंगांना स्वतःची घटना लिहून आपल्या जमातींना उत्तरदायी राहण्याची वाट मोकळी झाली. सरकार बदललं की परिषद बदलते, हे सोसून झाल्यावरची ही मागणी आहे. तेव्हा तुमचा ग्रामसभेचा मुद्दा रास्त आहे.

रेजायनाची ताई:
रास्त आहेच, पण तुमच्या मित्राचंही ऐका. मी इथे कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात हिशेब तपासणीचं काम करते. फर्स्ट नेशन्स म्हणजे इथले आदिवासी समाज, त्यांची फर्स्ट नेशन्स युनिव्हर्सिटी माझ्या गावातच, रेजायनात. 1976 साली आदिवासी कॉलेज म्हणून सुरू झाली, 2003 मध्ये आजचं नाव आणि वास्तुविशारद डग्लस कार्डिनलने आखलेली नवी इमारत मिळाली. आत काचेचा टिपी (आदिवासींचा शंकूच्या आकाराचा तंबू) आहे, बघत राहावं असा.

तिचं नियामक मंडळ प्रांतातल्या 74 फर्स्ट नेशन्सच्या महासंघाच्या हातात होतं, म्हणजे बहुतेक सगळे प्रमुख आणि राजकीय पुढारी. फेब्रुवारी 2005 मध्ये मंडळाचे अध्यक्ष, जे महासंघाचे उपप्रमुखही होते, थेट आवारात आले. वरिष्ठ अधिकारी निलंबित केले आणि कार्यालयातले संगणक ताब्यात घेतले. अध्यक्षाने! कुलसचिवाचं काम काय मग? त्याच वर्षी प्रमुखांनीच नेमलेल्या समितीने सांगितलं, मंडळातून राजकारण काढा. अहवाल फाइलला लागला. 2008 मध्ये कॅनडातल्या प्राध्यापकांच्या संघटनेने संस्थेवर बहिष्कारासारखा ठपका ठेवला. फेब्रुवारी 2010 मध्ये प्रांताने वर्षाचे 52 लाख डॉलर थांबवले, केंद्राने 72 लाख. तेव्हा कुठे महासंघाने जुनं मंडळ बरखास्त केलं. मार्चमध्ये पोरांनी आवारातच मुक्काम ठोकला. माझ्या क्री जमातीच्या शेजारणीची मुलगी त्यात होती, आम्ही डाळ-भाताचे डबे पोचवायचो. संस्था वाचली, पण काही वर्षं पैशाचा कारभार रेजायना विद्यापीठाने बघितला.

लोक म्हणतात, आदिवासींना संस्था चालवता आली नाही. साफ खोटं. शिकवणारे, शिकणारे, समितीत बसून दुरुस्ती सांगणारे, यांतही आदिवासी होतेच. पण नेमणारा, हिशेब बघणारा आणि कामावरून काढणारा हात एकच होता. तुम्ही ग्रामसभेला नाव पाठवू द्या, मात्र चालू पदावरचा सरपंच किंवा जिल्हा परिषद सदस्य नको. निवडणूक लढवली की जागा रिकामी. आणि परिषदेने नेमायचा फक्त कुलगुरू. त्याच्या खालची एकही नेमणूक नाही, बदली नाही, शिपायाची सुद्धा नाही. शिपायापासूनच सुरू होतं हे.

वैनगंगाकाठ:
ताई, शिपायाचं वाचून इथे सगळे हसले, कारण कोणाची भरती कोणी केली ते प्रत्येकाला पाठ आहे. चालू पदाधिकारी नको, हे लगेच घातलं. एक अडचण उरते. मसुद्यात नेहमीचं कलम आहे, सलग तीन बैठकांना गैरहजर तर सदस्यत्व रद्द. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तालुक्याचा रस्ताच बंद. बैठका जुलै-ऑगस्टमध्ये लावल्या की तिकडचा माणूस आपोआप बाहेर, कोणी काढायलाच नको.

रेजायनाची ताई:
हे कलम काढूच नका, गैरहजेरी इथेही त्रास देते. पण वर्षाच्या बैठकांच्या तारखा आधीच ठरवा, पावसाळ्यात एकही नको. तातडीची घ्यावी लागली तर रस्ता बंद असलेल्याची गैरहजेरी मोजू नये. आणि प्रवासखर्च आगाऊ द्या. बिल टाकून सहा महिने थांबा म्हटलं, तर मजुरी बुडवून दुसऱ्यांदा कोण येणार?