सुप्रीम्सच्या टीव्ही क्लिपा: एकाच गाण्याच्या तीन प्रती, तिन्हींचा वेग वेगळा. कुठली धरायची?

तबकडी_७८

द सुप्रीम्स या तीन अमेरिकन गायिकांच्या गटाची १९६४ ते १९६९ मधली टीव्हीवरची गाणी तारखेनुसार लावतोय, मुख्यतः एड सलिव्हन शो या अमेरिकन करमणुकीच्या कार्यक्रमातली. एकेका गाण्याच्या तीन-तीन प्रती हाताशी आहेत आणि कुठली ठेवायची ते कळत नाही.

पहिली प्रत सेकंदाला २९.९७ फ्रेमची. थांबवून बघितली की हात हलतो तिथे कंगव्यासारखे दाते दिसतात. दुसरी २५ फ्रेमची, युरोपातल्या डीव्हीडीवरून आलेली. दाते नाहीत, चित्र स्वच्छ, पण सूर चढा वाटतो. तिसरी ६० फ्रेमची, रंगीत, चकचकीत, सगळ्यात 'एचडी' दिसणारी. शिवाय अमेरिकेहून आलेली एक व्हीएचएस कॅसेट आहे. इथल्या मल्टिसिस्टिम व्हीसीआरवर ती टीव्हीत नीट दिसते, पण कॅप्चर कार्डातून संगणकावर घेतली की कृष्णधवल होते किंवा चित्र वरखाली पळतं.

प्रश्न तीन. मूळच्या जवळची प्रत कशी ओळखायची? दाते काढायची बरोबर पद्धत कोणती? आणि कॅसेटचे रंग कुठे जातात?

रीळ_आणि_फीत

आधी प्रतीचं मूळ ठरवा, फिल्टर नंतर. आणि चकचकीतपणावर जाऊ नका. मूळ ओळखायचं ते हालचालीवरून.

त्या काळचा अमेरिकन कार्यक्रम दोन प्रकारे टिकलाय. एक, दोन इंची क्वाड्रुप्लेक्स व्हिडिओ फीत. दोन, किनिस्कोप, म्हणजे मॉनिटरसमोर १६ मिमीचा फिल्म कॅमेरा लावून पडद्यावरून उचललेली प्रत. फितीवर सेकंदाला सुमारे ६० फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं, दोन मिळून एक फ्रेम) असतात, म्हणजे हालचालीचे ६० वेगळे क्षण. किनिस्कोपवर उरतात फक्त २४. गेलेले ३६ क्षण कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाहीत. सॉफ्टवेअर मधले क्षण नवे रचतं आणि तिथे बोटं वितळतात.

तपासायला सर्वांत सोपी जागा 'स्टॉप! इन द नेम ऑफ लव्ह'. टेम्प्टेशन्स या गायकगटातल्या पॉल विल्यम्सच्या मदतीने बसवलेली ती तळहाताची 'थांब' खूण. हात वर येतो तिथे थांबा आणि एकेक फ्रेम पुढे जा.

प्रत्येक फ्रेमवर दाते, आणि प्रत्येक फ्रेममध्ये हात पुढे सरकलेला: फीत आहे. ही सोन्यासारखी प्रत, दाते दिसतात म्हणून टाकू नका. त्या दात्यांतच निम्मी हालचाल आहे.

तीन फ्रेम स्वच्छ, दोन दातेरी, पुन्हा तीन स्वच्छ, दोन दातेरी: किनिस्कोप किंवा फिल्म, ३:२ पुलडाउन करून (२४ फ्रेम ६० फील्डांवर पसरून) एनटीएससीत, म्हणजे अमेरिकन टीव्ही पद्धतीत, आणलेली.

एकही दाता नाही, पण हाताची फिकट दुसरी सावली मागे राहते: एनटीएससीवरून पॅलमध्ये (युरोपातली आणि आपल्याकडची पद्धत) फील्ड मिसळून केलेलं रूपांतर. दुसरी काहीही प्रत मिळत असेल तर ही ठेवू नका.

किनिस्कोपची आणखी लक्षणं: चित्राच्या कडा किंचित गोलाई घेतलेल्या, वर-उजवीकडे रीळ बदलायचा ठिपका, फिल्म कॅमेऱ्याच्या गेटात अडकलेला केस. धूळ फिल्मवरची असेल तर ठिपका वेडावाकडा, एका फ्रेमपुरता. फितीचा ड्रॉपआउट (सिग्नल तुटलेली जागा) मात्र नेहमी आडवी रेघ. फितीवर गडद रंगात आडवे पट्टेही दिसतात. क्वाडचं प्रत्येक हेड एका फेरीत १६ ओळी वाचतं आणि चार हेडं तंतोतंत जुळलेली नसली की त्या त्या पट्ट्याचा रंग बदलतो. पट्टे दिसले तर हळहळू नका, फितीपासूनच प्रत निघाल्याची ती पावती आहे.

आता दाते. फितीच्या प्रतीला क्यूटीजीएमसी हा दाते काढणारा फिल्टर, 'स्लोअर' प्रीसेट, निकाल ५९.९४ फ्रेम. ते बसवायचा कंटाळा असेल तर एफएफएमपेग या प्रोग्राममधला बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर, पण 'प्रत्येक फील्डमागे एक फ्रेम' या पर्यायावर. 'प्रत्येक फ्रेममागे एक' ठेवलं की २९.९७ मिळतात आणि निम्मी हालचाल कचऱ्यात. किनिस्कोपला डीइंटरलेस (असे फिल्टरने दाते काढणं) करायचंच नाही. इन्व्हर्स टेलिसिने करून, म्हणजे पुलडाउन उलटवून, २३.९७६ वर आणा. त्यातही भरभर हलणाऱ्या हाताला दुहेरी कड दिसेल. ती किनिस्कोप करतानाच फिल्मवर उमटलेली असते, तिच्या मागे लागू नका.

फील्डचा क्रम आधी तपासा. चुकला तर माणसं दोन पावलं पुढे, एक मागे अशी थरथरतात. एनटीएससी ४८० ओळींत सहसा खालचं फील्ड आधी, पण काही कार्डं उलट लिहितात. दहा सेकंदांचा तुकडा दोन्ही क्रमांनी काढून बघा.

काळी_पाच

चढ्या सुराबद्दल. २४ फ्रेमची फिल्म २५ ने चालवली की वेग ४.१७ टक्के वाढतो आणि सूर सुमारे ७१ सेंट चढतो. म्हणजे जवळजवळ पाऊण अर्धस्वर. पेटीवर लावून बघा: गाणं ना काळी दोनला बसत, ना पांढरी तीनला. दोन पट्ट्यांच्या मध्ये लटकलेलं मिळालं की समजायचं, वेगाचा घोटाळा आहे. वाद्यवृंद असा मध्येच सूर लावत नाही.

दुरुस्ती करताना वेग आणि सूर एकत्र उतरले पाहिजेत. २५ वरून २३.९७६ ला जायचं तर ९५.९०४ टक्के, ध्वनी रीसॅम्पल करून. 'सूर कायम ठेवून लांबी वाढवा' हे बटण इथे चुकीचं. त्याने लांबी सुधारते, सूर चढाच राहतो, वर झांजांचा आवाज खरवडल्यासारखा होतो. पडताळा सोपा आहे: फिल्मवर २ मिनिटं ४० सेकंद असलेलं गाणं २५ च्या प्रतीत सुमारे २ मिनिटं ३३.६ सेकंद भरतं.

मात्र एक अडचण. काही डीव्हीडींवर सूर आधीच उतरवलेला असतो, फक्त वेग जास्त. तिथे वरचा उपाय केला तर गाणं खाली घसरेल. म्हणून आधी पेटी, मग टक्केवारी. आणि वर सांगितलेली सावलीवाली प्रत असेल तर तिचा वेग मुळात बदललेलाच नसतो, तिच्या वेगाला हात लावू नका.

रेकॉर्डशी तुलना करून सूर ठरवू नका. टीव्हीवर गाणं बरेचदा कापलेलं असतं, वाद्यवृंद स्टुडिओतला असतो आणि पट्टी तीच असेल असं नाही.

आवाज खरोखर गायलेला की रेकॉर्ड लावून ओठ हलवलेले, हे सुप्रीम्सच्या बाबतीत १९६८ नंतर मजेशीरपणे कळतं. 'लव्ह चाइल्ड'च्या रेकॉर्डवर मागचे आवाज गटातल्या मेरी विल्सन आणि सिंडी बर्डसाँग यांचे नाहीत, मोटाउन या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या अँडांटीस या सहगायिकांचे आहेत. 'समडे वुई विल बी टुगेदर'वरही त्या दोघी नाहीत. तेव्हा टीव्हीवर मागचा आवाज पातळ, दोनच जणींचा, माइकपासून मान वळली की कमी होणारा ऐकू आला तर तो तिथेच गायलेला. रेकॉर्डसारखा गुळगुळीत आणि भरगच्च असेल तर तबकडी वाजतेय. खात्री हवी असेल तर मोनो सिंगल आणि क्लिप एकाखाली एक लावा, पहिला आणि शेवटचा ड्रमचा ठोका जुळवा आणि मधले आठ-दहा ठोके बघा. सगळे जागेवर पडले तर रेकॉर्ड. माणसं वाजवत असतील तर कुठेतरी हलतातच.

रीळ_आणि_फीत

एक राहिलं. किनिस्कोपच्या १६ मिमी ऑप्टिकल ध्वनीत साधारण ६-७ किलोहर्ट्झच्या वर काही उरलेलं नसतं. तिथे तिप्पट ट्रेबल चढवून फक्त खरखर मिळते. उलट, चित्र किनिस्कोपचं आणि आवाज लख्ख असेल तर कुणीतरी रेकॉर्ड चिकटवलेली आहे. अशा क्लिपा भरपूर फिरतात.

गेट_मधला_केस

तिसऱ्या, 'एचडी' प्रतीबद्दल. तारीख बघा. एड सलिव्हन शो नियमित रंगीत झाला ३१ ऑक्टोबर १९६५ पासून. सुप्रीम्स तिथे पहिल्यांदा आल्या २७ डिसेंबर १९६४ ला, 'कम सी अबाउट मी' घेऊन. त्या दिवसाची रंगीत क्लिप कुणी दाखवली तर रंग संगणकाने भरलेत. मग शेजारची कृष्णधवल प्रत कितीही मवाळ असो, तीच ठेवा.

अपस्केल केलेली (सॉफ्टवेअरने मोठी केलेली) प्रत कुठे पकडायची? कपड्यांवरच्या टिकल्यांत. कृष्णधवल काळातल्या इमेज ऑर्थिकॉन कॅमेऱ्यात फार चमकणाऱ्या वस्तूभोवती काळसर वलय उमटतं. दिव्याखाली टिकली किंवा कानातलं चमकलं की त्याच्याभोवती शाई सांडल्यासारखा डाग, कडा अनियमित. ते त्या कॅमेऱ्याच्या नळीचं लक्षण आहे, दोष म्हणून पुसायचं नाही. अपस्केलर नेमकं तेच पुसतो आणि टिकल्यांचा सपाट पत्रा करतो. शार्पनिंगचं वलय वेगळं: एक-दोन पिक्सेल रुंद, प्रत्येक कडेला सारखं, शीर्षकाच्या अक्षरांभोवतीसुद्धा. ते असेल तर प्रत कुणीतरी घासलेली आहे.

तारखा लावताना लेबलांवर विश्वास ठेवू नका, उभ्या कोण आहेत ते बघा. फ्लोरेन्स बॅलर्ड १९६७ च्या उन्हाळ्यापर्यंत, नंतर सिंडी बर्डसाँग. गटाचं नावही त्याच सुमारास 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स' झालं. मध्ये एक फसवी जागा आहे: २९ एप्रिल १९६७ ला हॉलीवूड बोलच्या कार्यक्रमात सिंडी बदली म्हणून उभी होती, पण ७ मे च्या माँट्रियल एक्स्पोमधल्या सलिव्हन कार्यक्रमात, 'द हॅपनिंग'ला, फ्लोरेन्सच आहे. त्यामुळे 'एप्रिलपासून सिंडी' असा सरसकट नियम लावला की माँट्रियलची क्लिप चुकीच्या खणात जाते. २५ सप्टेंबर १९६६ चं 'यू कान्ट हरी लव्ह' रंगीत, फ्लोरेन्ससह. २९ सप्टेंबर १९६८ चं 'लव्ह चाइल्ड' लगेच ओळखू येतं: गाउन नाहीत, साधे कपडे, डायना रॉस अनवाणी. २१ डिसेंबर १९६९ ला 'समडे'. डायनासह सलिव्हनवरचा तो शेवटचा. तिच्या जागी आलेली जीन टेरेल दिसली की १९७० किंवा नंतरचं.

सलिव्हन नसलेल्या दोन गोष्टी त्यात हमखास मिसळलेल्या असतात. 'टॅमी शो' हा टीव्ही कार्यक्रम नव्हेच. ऑक्टोबर १९६४ मध्ये सांता मोनिकात इलेक्ट्रोनोव्हिजन या जास्त बारीक चित्र घेणाऱ्या व्हिडिओ कॅमेऱ्यांनी टिपून फिल्मवर उतरवला आणि थिएटरांत दाखवला. म्हणून तो इतर किनिस्कोपपेक्षा कितीतरी रेखीव दिसतो. दुसरा 'रेडी स्टेडी गो!'चा मोटाउन विशेष, डस्टी स्प्रिंगफील्डने सादर केलेला, एप्रिल १९६५. तो ब्रिटनचा, ५० फील्डच्या जगातला. तिथे २५ फ्रेम हाच मूळ वेग आहे, काळी_पाच यांचं ९५.९०४ तिथे लावलंत तर बायका बापयांच्या आवाजात गातील. बरं, बापयांच्या नाही, पण उतरलेल्या नक्की.

'हलाबलू' आणि 'शिंडिग!' या अमेरिकन संगीत कार्यक्रमांच्या बहुतेक क्लिपा कृष्णधवल किनिस्कोपच मिळतील. 'हलाबलू' एनबीसीवर रंगीत असायचा, पण रंगीत फिती थोड्याच उरल्यात.

तबकडी_७८

'थांब' खुणेवर तपासलं. पहिल्या प्रतीत प्रत्येक फ्रेमवर दाते आहेत, म्हणजे फीत. दुसरीत सावली नाही आणि सूर पट्ट्यांच्या मध्येच. तिसरी बाद. कॅसेटचं कुणी सांगेल का?

रीळ_आणि_फीत

इथे विकले गेलेले बरेच मल्टिसिस्टिम व्हीसीआर एनटीएससी कॅसेट लावली की शुद्ध एनटीएससी बाहेर देत नाहीत. 'एनटीएससी ऑन पॅल टीव्ही' देतात, म्हणजे पॅल-६०: ओळी ५२५, फील्ड ६०, पण रंग पॅलच्या ४.४३ मेगाहर्ट्झ वाहकावर. टीव्ही ते गुपचूप सांभाळून घेतो. कार्ड नाही. कार्ड एनटीएससीवर ठेवलं की ओळी जुळतात, रंग सापडत नाही, म्हणून कृष्णधवल. पॅलवर ठेवलं की ओळींची संख्याच चुकते, म्हणून चित्र पळतं. तुमची दोन्ही लक्षणं हीच.

व्हीसीआरच्या मागे किंवा मेन्यूत 'एनटीएससी ३.५८ / ४.४३' किंवा 'एनटीएससी / पॅल टीव्ही' असं बटण शोधा आणि ३.५८ वर टाका. कार्ड एनटीएससी-एमवर, म्हणजे ३.५८ वाल्या अमेरिकन पद्धतीवर. बटणच नसेल तर कार्डाच्या यादीत पॅल-६० आहे का बघा. तेही नसेल तर एनटीएससीचाच व्हीसीआर मिळवा. तो ११० व्होल्टचा असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, थेट २३० ला जोडू नका.

कॅप्चर ७२० बाय ४८०, २९.९७, ४:२:२, हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ या काही न गमावणाऱ्या फॉर्मॅटमध्ये. हफवाययूव्ही धरलं तर तासाला २५-३० जीबी जागा ठेवा. एच.२६४ मध्ये थेट घेऊ नका, दाते आणि चित्रातले कण दोन्हींचा चिखल होतो आणि मग क्यूटीजीएमसीला काही धरता येत नाही. कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये डीइंटरलेस चालू असेल तर बंद करा, हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. उभ्या रेषा वरच्या बाजूला वाकत असतील तर लाइन टीबीसी, म्हणजे प्रत्येक ओळ वेळेवर आणणारं सर्किट, हवा. तो असलेला व्हीसीआर नसेल तर काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर मधून सिग्नल पुढे पाठवताना तेच काम करतात.

कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, मगच वाजवा. पांढरी बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये घालूच नका, हेडं खराब होतील आणि पुढच्या कॅसेटलाही लागेल.

गेट_मधला_केस

घरातल्या पाहण्यासाठी शेवटची प्रत काढताना दोन्ही बाजूंनी ८-८ पिक्सेल कापा (७०४ बाय ४८० राहतात) आणि १४४० बाय १०८० करा. पडदा १६:९ असला तरी चित्र ४:३ च. ताणलं तर मेरी विल्सन रुंद होते, वरखाली कापलं तर 'थांब'चा हातच फ्रेमबाहेर. अपस्केल न केलेली ४८० ची फाइल वेगळी जपा. यूट्यूबवर टाकायचा विचार असेल तर ६० फ्रेम ७२० ओळींवर किंवा त्याहून वरच मिळतात. पण सलिव्हनचा सगळा संग्रह १९९० पासून सोफा एंटरटेनमेंट या कंपनीकडे आहे, त्यामुळे हक्काचा दावा येणार हे धरून चला. त्यांच्या अधिकृत वाहिनीवर यातली बरीच गाणी आहेत. तुमच्या फितीच्या प्रतीची तुलना आधी तिथल्याशी करा. तिथली ५९.९४ ची निघाली तर तुमचं निम्मं काम वाचलं.

तबकडी_७८

बटण सापडलं, मागच्या बाजूला, धुळीखाली. ३.५८ वर टाकल्यावर रंग आले. वरच्या बाजूला ओळी वाकतात, म्हणजे आता टीबीसी.