रॅम गंडलीय हे तुम्हाला कसं कळलं? अनुभव टाका

पीसी मधेच निळा पडतो, आपोआप रिस्टार्ट होतो, आणि दरवेळी एरर वेगळाच. आपल्याकडं याच्यावर पहिलं औषध ठरलेलं, "विंडोज मारून घ्या". माझं म्हणणं उलटं हाय, फॉरमॅटच्या आधी एक रात्र मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासायचा प्रोग्राम, लावा. फुकट मिळतंय, पेनड्राइव्हवर टाकायचं, त्यावरनंच बूट करायचं, विंडोज लागतच नाही. रॅम खराब असताना नवीन विंडोज टाकलं तर फाइली कॉपी होतानाच बिघडतात, मग कालच टाकलेलं विंडोज पण आज रडायला लागतंय. कोल्हापूर आणि आजूबाजूच्या मंडळींनी आपापले किस्से लिहा.

उद्यमनगर
माझं कॅडचं काम, घरच्या पीसीवर रात्री ड्रॉइंग करतो. पार्टीनं झिप पाठवली, उघडताना सीआरसी एरर (आतला डेटा जुळत नाही असं सांगणारा), म्हटलं फाइलच खराब आली असेल, परत मागवली तर तेच, पण तीच झिप बाबांच्या लॅपटॉपवर निवांत उघडली. आणि गंमत म्हणजे माझ्याकडं परत उघडली की दरवेळी वेगळ्याच ड्रॉइंगला एरर. फाइल नाहीतर डिस्क खराब असती तर एकाच जागी अडलं असतं ना, इथं जागाच बदलत होती, तिथं रॅमचा संशय आला. मेमटेस्ट लावून जेवायला बसलो, येऊन बघतो तर स्क्रीनवर लाल ओळी. पाहिजे होतं ते आणि सापडलं ते असे दोन आकडे शेजारी शेजारी दाखवतंय, एकात सगळे एफ, दुसऱ्यात मधेच एक बी, म्हणजे फक्त एक बिट पडलेलं (१ चं ० झालेलं), आणि प्रत्येक ओळीत बिट तेच. मग रॅमच्या ८ जीबीच्या दोन काड्या एकेक लावून बघितल्या. एक स्वच्छ, दुसरीला एरर, आणि ती दुसऱ्या स्लॉटला लावली तरी एरर तिच्या मागोमाग. वॉरंटीत बदलून मिळाली, वाद न घालता, फोटो काढून ठेवले होते म्हणून.

शाहूपुरी, कुंभार गल्ली
२०१९ च्या महापुरात कॅबिनेट वरच्या मजल्यावर उचलून ठेवलं, पाणी लागलं नाही पण नंतर डिस्प्लेच येईना, नुसतं बीप बीप. वायर काढून रॅम बाहेर घेतली, सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवला, भुगा झाडला, दोन्हीकडं खटका वाजेपर्यंत दाबून बसवली. चालू. दमट हवेत पडलेल्या मशीनला हे आधी करा, टेस्ट नंतर.

कागल
विंडोजच्या स्वतःच्या टेस्टवर जास्त विसंबू नका. ती आपोआप स्टँडर्डवर चालते, चालू असताना एफ१ दाबून एक्स्टेंडेड करावी लागते. रिझल्ट पण झटकन येऊन जातो, मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदींत) जाऊन शोधा. आमच्यात तिनं "एरर नाही" सांगितलं आणि मेमटेस्टला दुसऱ्या पासमध्ये (फेरीत) सापडले. एक पास होऊन बंद करणाऱ्यांनी हे वाचा.

राजारामपुरी
दादा, सगळ्याच लाल ओळी खराब रॅमच्या नसतात. माझी ३२०० स्पीडची डीडीआर४ रॅम, एक्सएमपी (रॅम तिच्या पुऱ्या स्पीडनं पळवायची सेटिंग) चालू केलं की एरर, बंद करून २१३३ वर आणली की रात्रभर शून्य. आधीच्या दोन काड्यांत वेगळ्या कंपनीच्या दोन घातल्या होत्या, चार मिळून तो स्पीड मदरबोर्डाला झेपेना. आता २९३३ वर ठेवलंय, टेस्ट पण क्लीन, पोरगं गेम खेळतंय, तक्रार नाही. एरर आले की आधी बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी बंद करून परत टेस्ट लावा, मगच काडीला नावं ठेवा.

(हे भारी सांगितलं ताई, माझ्याकडनं वर लिहायचं राहिलंच. – धागाकर्ता)

कळंबा
आमच्यात तर दोन्ही काड्या चांगल्या, पण एका स्लॉटला कुठलीही लावा, एरर येणारच. प्रोसेसर काढला तर सॉकेटची एक पिन वाकलेली. दुरुस्तीवाल्यानं भिंगाखाली सरळ केली. नाहीतर नवीन रॅमचे पैसे उगाच गेले असते.

गोकुळ शिरगाव
माझं अजून अर्धवटच हाय. जुना पीसी, डीडीआर३, एकच ४ जीबीची काडी, मेमटेस्टला एरर, पण काडी का बोर्ड हे कळायला दुसरी काडीच नाही. कुणाकडं पडून असेल तर एका रात्रीपुरती द्या की, रविवारी येऊन घेऊन जातो.