मंदण्णाशिवाय तेजस्वी अपुरेच

कन्नड लेखक पूर्णचंद्र तेजस्वींची ओळख ‘कवी कुवेंपूंचा मुलगा, जंगलावर लिहिणारा’ एवढ्यावरच थांबलेली पाहून राहवलं नाही, म्हणून हे लिहितोय. म्हैसूरला शिकलेल्या या माणसाने नोकरीची वाट सोडून चिक्कमगळूर जिल्ह्यातल्या मुडिगेरेला कॉफीचा मळा केला आणि २००७ मध्ये जाईपर्यंत तिथेच राहिला. त्यामुळे त्यांचं रान हे मजुरांचं, मधमाश्यांचं, पिकावरच्या रोगाचं रान आहे. पाहुण्याचं नाही.

त्यांची ‘कर्वालो’ (१९८०) ही कादंबरी मिळाली तर जरूर वाचा. तिच्यातला मंदण्णा गावाच्या लेखी उनाड, बिनकामाचा. पण शास्त्रज्ञ कर्वालो त्याच्यामागे फिरतात, कारण उडता सरडा त्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो. पदवी नसलेल्याच्या नजरेला इतका मान देणारं लेखन मी फार कमी वाचलंय. शेवटी सरडा हाती लागतही नाही, दरीत झेपावून निघून जातो. ते पान वाचून मी बराच वेळ गप्प बसून होतो.

हा प्राणी कल्पनेतला नव्हे बरं का. गोव्यातही दिसतो. पोफळीच्या खोडाला चिकटला की सालच वाटतो. मग नर गळ्याखालची पिवळी झालर पुढे काढतो, तेव्हा कुठे नजर ठरते. लांबलेल्या फासळ्यांवर ताणलेलं कातडं पसरून तो पुढच्या झाडावर तरंगत जातो.

तेजस्वींच्या ‘चिदंबर रहस्य’ या कादंबरीला १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण सुरुवात ‘कर्वालो’नेच करा.