अनुभव धागा: दिवसभर ऊन, निगा कमी – तुमच्याकडे काय टिकलं?

घरामागे माझी एक लांबट पट्टी आहे. आडोसा कशाचाच नाही, सकाळी ऊन येतं ते उतरतीपर्यंत हलत नाही. गेल्या तीन वर्षांत तिथे मी काय काय मारलं त्याची यादी लांबलचक आहे. गुलाब दोनदा. फर्न एकदा, तेही हौसेने. नोकरी आणि घर सांभाळून रोज झारी घेऊन फिरणं होत नाही, झाडांशी बोलणं वगैरे तर सोडाच.

पूर्ण ऊन म्हणजे दिवसाला सहा तास किंवा जास्त थेट ऊन, असं धरतात. मी एका सुट्टीच्या दिवशी दर तासाला जाऊन सावलीच्या कडेवर खडे ठेवले. संध्याकाळी कळलं की पट्टीचा एक तृतीयांश भाग पाण्याच्या टाकीच्या सावलीत जातो आणि तिथे जेमतेम चार तास ऊन असतं. म्हणजे ज्या कोपऱ्यात झाडं जगत होती तो माझा गुण नव्हता, टाकीचा होता!

तर मंडळी, आपापले अनुभव लिहा. नुसती नावांची यादी नको, ती कुठेही मिळते. काय जगलं, काय मेलं, पाणी किती घातलं आणि तुमचं काय चुकलं, हे हवंय.

*

झारी

धागा छान. पहिला नंबर बोगनवेलीचा, आणि आधी कबुलीजबाब. दोन वर्षं मी तिचे नको तितके लाड केले. एक दिवसाआड पाणी, महिन्याला खत. वेल हिरवीगार, भिंतीच्या वर गेली, पण रंगाचा ठिपका नाही. मग तीन आठवडे बाहेरगावी होतो, शेजाऱ्यांना सांगायचं राहिलं. परत आलो तर अर्धी पानं गळलेली आणि उरलेली वेल गुलाबी!

कारण नंतर समजलं. मुळं जरा कोरडी पडली की बोगनवेल फुलण्याकडे वळते, आणि नत्र जास्त झालं की नुसती पानं काढत बसते. आपण ज्याला तिचं फूल म्हणतो ती खरं तर रंगीत पानं असतात. एक गुच्छ हातात घेऊन बघा, मधे पांढरट, बारीक नळीसारखं दिसतं ते फूल. कळ्या नव्या फुटीवर येतात, म्हणून बहर ओसरला की बिनधास्त छाटा. आता मी वरची दोन इंच माती कोरडी झाल्याशिवाय पाणी देत नाही.

काट्यांचं मात्र सांभाळा. छाटलेली फांदी जमिनीवर राहिली होती, काटा चपलेच्या तळातून आरपार आला.

(अवांतर: ही वेल युरोपीय शास्त्राच्या नोंदीत आली ती फ्रेंच कप्तान बूगँव्हिलच्या १७६६ ते १७६९ च्या जगप्रदक्षिणेतून. जहाजावरच्या वनस्पतिशास्त्रज्ञाची मदतनीस जान बारे पुरुषाच्या वेषात राहून झाडं गोळा करत होती. वेलीला नाव मात्र कप्तानाचं.)

*

बिनपाण्याची हजामत

सदाफुली. धागा संपला.

*

कुंडीबाज

@बिनपाण्याची हजामत, हाहा, पण इतकं सोपं नाही. माझ्याकडे सदाफुली मेली ती पाण्याने. कुंडीचं भोक बुजलं होतं, चार दिवस पाऊस लागला आणि सगळी झाडं एका दमात माना टाकून बसली. उपटून पाहिली तर मुळं काळी, मऊ. त्याच वेळी फरशीच्या फटीत आपोआप उगवलेली तिची पोरं खुशाल फुलत होती. तिथे माती चिमूटभर आणि पाणी थांबायला जागा नाही.

मूळची मादागास्करची. व्हिंक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही कर्करोगावरची औषधं हिच्यातूनच मिळाली. ते वाचून कुणी पानं चघळू नका, झाड विषारी आहे.

माझा खरा धडा अडेनियमचा. खोड फुगीर, म्हणजे पाण्याची टाकी घेऊनच जन्माला आलेलं झाड. तरी मी त्याला बाकीच्या कुंड्यांबरोबर पाणी पाजत राहिलो, तेही थंडीत, पानं गळून गेल्यावर. एक दिवस बुंध्याला सहज बोट लावलं तर बोट आत गेलं. दगडासारखा असणारा बुंधा स्पंजासारखा दबत होता, वास वेगळाच. धारदार चाकूने सडका भाग पांढरं, कडक लागेपर्यंत कापत गेलो, आणि शेवटी हातात मुठीएवढा तुकडा आणि एक फांदी राहिली. दोन्ही सावलीत आठवडाभर सुकवले. फांदी जगली.

आता माती निम्मी आणि उरलेली जाड वाळू व विटांचे तुकडे. पानं नसताना पाणी जवळजवळ बंद. चीक विषारी असतो, छाटल्यावर हात धुवा.

*

वाफसा

सगळे झाडांची नावं सांगताहेत म्हणून मी वेगळं सांगते. 'कमी निगा' हा शब्द फसवा आहे. पहिल्या वर्षी कुठलंच झाड कमी निगेचं नसतं. पिशवीतून काढलेल्या रोपाची मुळं तेवढ्याच गोळ्यात असतात, त्याला आजूबाजूच्या मातीची ओळख नसते. पाण्याशिवाय जगणारं झाड म्हणून कौतुकाने आणलेली चार रोपं मी पहिल्याच कडक उन्हात घालवली, कारण लावल्या दिवसापासून त्यांना 'सवय लावायला' निघाले होते.

आता असं करते. रोप लावताना वीतभर लांब आळं करते, खोडाला चिकटून नाही. त्यात सावकाश, भरपूर पाणी, आणि मग थांबायचं. बोट घालून पाहायचं, दोन इंच खाली ओल असेल तर आज सुट्टी. हळूहळू दोन पाण्यांमधलं अंतर वाढवायचं. रोज शिंपडलेलं पाणी वरच्या थरातच राहतं, मुळंही वरच घुटमळतात, आणि ऊन सगळ्यात आधी वरचाच थर तापवतं.

आणखी एक. भर दुपारी पान लोंबलं म्हणजे तहान लागली असं नाही. जास्वंदीची मोठी पानं कडक उन्हात मान टाकतात आणि ऊन उतरलं की पूर्ववत होतात. संध्याकाळीही मान खालीच असेल तर पाणी द्या. हे न कळल्यामुळे मी एक जास्वंद बुडवून मारली, रोज दुपारी 'बिचारी सुकली' म्हणत.

*

उन्हाळी

@वाफसा ताईंना अनुमोदन. आच्छादनाचं राहिलं. दोन-तीन इंच पालापाचोळा मातीवर पसरला की पाणी घालणं निम्म्यावर येतं, तणही कमी. खोडापासून मात्र चार बोटं मोकळी सोडा, नाहीतर बुंधा ओला राहून कुजतो.

*

काटेकोरांटी

कण्हेरीवर कुणीच नाही? माझ्याकडे कुंपणाला दहा झाडं आहेत, सहाव्या वर्षात. वर्षातून एकदा छाटते, बस. खत दिल्याचं आठवत नाही. हिरोशिमा शहराचं फूल हेच आहे. १९४५ च्या बॉम्बनंतर जे आधी फुललं त्यातलं हे एक, म्हणून.

तक्रार एकच, पिवळे मावे. कोवळ्या शेंड्यावर पिवळ्याधमक अंगाचे, काळ्या पायांचे किडे इतके दाटीने बसतात की शेंडा रंगवल्यासारखा दिसतो. मी पाण्याची जोरदार धार मारते, तीन-चार दिवस लागोपाठ. फवारणी कधी लागली नाही. एकदा तर ढालकिड्याच्या अळ्यांनी दोन दिवसांत सगळं साफ केलं, मी नुसती बघत होते.

पण लहान मुलं किंवा गुरं असतील तर दहा वेळा विचार करा. पान, फूल, खोड सगळंच विषारी, वाळलेलंसुद्धा. छाटलेल्या फांद्या जाळूही नका, धूरही बाधतो.

*

झुडपातला

घाणेरी म्हणजे लँटाना. पाणी नको, खत नको, फुलपाखरं बारा महिने. एकाच गुच्छात कडेची फुलं केशरी आणि मधली पिवळी, कारण फूल जुनं होताना रंग बदलतं. माझ्याकडे सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त रंग हिनेच दिला.

*

वाफसा

@झुडपातला, रागावू नका पण नको. मूळ अमेरिकेच्या उष्ण भागातली ही झाडी जगभर जंगलं आणि कुरणं व्यापून बसली आहे. पक्षी फळं खातात आणि बिया लांबवर टाकतात. गुरांना पान विषारी. तुमच्या कुंपणात ती शहाण्यासारखी वागते, पण बी कुठे गेलं ते कुणाला दिसत नाही.

*

झुडपातला

मान्य. फळ न धरणारी, पसरट जात मिळते, माझी तीच आहे. हे आधी लिहायला हवं होतं. विकत घेताना तसं विचारून घ्या, आणि तरी हिरवी फळं दिसली तर छाटून टाका.

*

निवडुंग

नऊ वर्षं सांभाळलेल्या घायपाताची गोष्ट. पाणी आठवलं तर. एके दिवशी मधोमध शतावरीच्या कोंबासारखं काहीतरी वर आलं आणि बघता बघता पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागलं. आम्ही कौतुकाने फोटो काढले. फुलून झाल्यावर झाड पिवळं पडू लागलं. मला वाटलं रोग आला, औषध मारलं, पाणी वाढवलं. नंतर कळलं की घायपात आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो. बुडाशी सात पिल्लं होती, त्यातली पाच लावली.

टोकाचा काटा मात्र डोळ्याच्या उंचीला येऊ देऊ नका. वाटेच्या कडेला तर अजिबात नको. मी वाकून तण काढताना कपाळावर खूण करून घेतली आहे.

आणि कोरफड, घायपात, काहीही असो, नर्सरीतल्या जाळीखालून आणून थेट उन्हात ठेवू नका. माझी कोरफड चार दिवसांत विटकरी झाली, दोन पानांवर पांढरे भाजल्यासारखे डाग. आधी दोन तास सकाळचं ऊन, मग थोडं थोडं वाढवत आठ-दहा दिवसांनी पूर्ण. लाल झालेलं झाड मेलेलं नसतं, सवय झाली की रंग परततो. डाग तेवढे राहतात.

*

बिनपाण्याची हजामत

बरं, आता नीट लिहितो, वर उगाच टोमणा मारला. जमीन नसलेल्यांसाठी: उन्हातल्या गच्चीवर ऊन कमी मारतं, कुंडी जास्त मारते. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीच्या कडेची मुळं अक्षरशः शिजतात. मी एकदा दुपारी हात लावून पाहिला, हात ठेववेना. आता ती कुंडी दुसऱ्या मोठ्या, फिक्या रंगाच्या कुंडीत ठेवतो आणि मधल्या जागेत वाळू भरतो. लहान कुंड्या दाटीने ठेवल्या की एकमेकींवर सावली धरतात. मातीची कुंडी गार राहते, पण पाणी लवकर पिते.

चिनी गुलाब कुणी लिहिला नाही. शेंड्याचा बोटभर तुकडा खोचा, आठवड्यात धरतो. ढगाळ दिवशी फुलं उघडत नाहीत, तेव्हा काळजी करू नका.

*

झारी

चाफ्याचं एक वाक्य: फांदी कापून लगेच रोवू नका. चीक वाळून जखम बंद व्हायला आठवडाभर सावलीत पडू द्या, मग कोरडसर मातीत लावा. माझ्या ताज्या लावलेल्या तिन्ही फांद्या खालून सडल्या होत्या, वाळवलेली चौथी आज छपराला लागली आहे. पानगळीत पाणी बंद.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली आहे. नावं कमी आणि 'मी पाणी जास्त घातलं'च जास्त निघालं! माझे गुलाबही बहुधा उन्हाने नाही, माझ्या अपराधी भावनेने गेले.

@वाफसा, तहानेनुसार गट करायचं ठरवलंय. नंतर वाचलं की कमी पाण्यावरच्या अशा बागेला झेरिस्केप म्हणतात, हा शब्द १९८१ मध्ये डेन्व्हरच्या पाणी विभागाने काढला. नळाच्या जवळ जास्वंद, मधे सदाफुली आणि चिनी गुलाब, टोकाला बोगनवेल आणि चाफा. घायपात नाही, मी कपाळ जपते. कण्हेरही नाही, शेजारची पोरं सतत तिथेच खेळतात. टाकीच्या सावलीत फर्न पुन्हा लावणार आहे, हसू नका.

शंखासुराच्या बियाही मिळाल्या आहेत. कवच इतकं टणक की नखाने ओरखडाही उठेना, म्हणून कानशीने एका बाजूला घासून काल रात्री पाण्यात टाकल्या. सकाळी सहापैकी चार फुगल्या होत्या. बाकीच्या दोन पुन्हा घासायच्या की टाकून द्यायच्या?