मैदानाचे आरक्षण बदलण्याची नोटीस : हरकत कशी नोंदवावी?

प्रश्न : नागपूरच्या मानेवाड्यातील आमच्या ले-आउटलगतचा, मैदानासाठी आरक्षित असलेला भूखंड निवासी विभागात घेण्याची नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर आली आहे. कडुनिंबाखाली वृद्ध मंडळी बसतात, मुले विटांचे स्टंप लावून खेळतात. दुसरी मोकळी जागा आम्हाला नाही. शंभर सह्यांचे एकच निवेदन पुरेसे होईल का?

उत्तर १ : निवेदन अवश्य द्यावे, पण प्रत्येक कुटुंबाने स्वतंत्र हरकतही नोंदवावी, असे माझे ठाम मत आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार असा फेरबदल करण्यापूर्वी हरकती व सूचना मागवाव्या लागतात, त्यासाठी नोटिशीच्या दिनांकापासून एक महिन्यापर्यंतची मुदत असते आणि हरकतदारांना सुनावणी दिल्यानंतरच प्रस्ताव मंजुरीसाठी राज्य शासनाकडे जातो. नोटिशीत प्राधिकरण म्हणून महापालिकेचे नाव आहे की सुधार प्रन्यासाचे (शहर नियोजनाचे काम पाहणारी वेगळी शासकीय संस्था), हे आधी पाहावे. अर्जावर खसरा क्रमांक (भूखंडाचा भूमापन क्रमांक) लिहावा आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. मागे एका प्रकरणात पोच नसल्यामुळे आमची हरकत नोंदलीच गेली नव्हती.

उत्तर २ : बंगळुरूमध्ये उद्यानासाठी राखीव जागा खासगी शुश्रूषागृहाला दिली गेली, तेव्हा शेजारचे रहिवासीच न्यायालयात गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली ते वाटप रद्द ठरवणारा निकाल कायम ठेवला. हरकतीत त्याचा उल्लेख जरूर करा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. उद्याच घरोघरी अर्ज वाटतो.