टाकीतलं मॉन्टिपोरा प्रवाळ बुडाकडून पांढरं पडतंय, कॅल्शियम तर ४३० आहे!

मीठपाणी (एडिसन, न्यू जर्सी)
नमस्कार मंडळी. ४० गॅलनची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, सव्वादोन वर्षं झाली. दोन इंचांचा मॉन्टिपोराचा तुकडा आणला होता, तो आता जेवायच्या ताटाएवढा पसरलाय. शेजारी दोन हॅमर प्रवाळं. गेल्या आठवड्यात ताटाच्या बुडाशी, जिथे ते खडकाला चिकटलंय तिथे, नखाएवढा पांढरा डाग दिसला. रोज थोडा थोडा सरकतोय. कॅल्शियम ४३० पीपीएम (दहा लाखांत ४३० भाग), सॅलिनिटी म्हणजे खारटपणा ३५, तापमान २५.५. दर रविवारी न चुकता १० टक्के पाणी बदलते, तेही आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढलेलं). सासूबाई म्हणतात, तुझ्या पोवळ्याला दृष्ट लागली. (अंगठीतलं पोवळं वेगळं हो, हे दगडी प्रवाळ. दोन वर्षं सांगतेय.) नवरा म्हणतो, कडा तर आधीपासूनच पांढरी होती, उगाच घाबरतेस.

खारावारा (ह्यूस्टन)
कडेची पांढरी रेघ म्हणजे नवी वाढ, ती हवीच. अजून दिसते का? आणि अल्कलिनिटी (पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप) लिहिलीच नाहीत.

मीठपाणी
अय्या, ती रेघ गेलीय! मला वाटलं, बरं झालं, सगळा एका रंगाचा झाला. अल्कलिनिटी चार महिन्यांपूर्वी ८.४ डीकेएच (तिचं एकक) होती. मग तपासायचं किट संपलं. कॅल्शियम ठीक म्हणजे तीही ठीक, असं धरून चालले.

खारावारा
इथेच गोम आहे. प्रवाळ सांगाडा बांधताना दोन्ही खातं, पण पाण्यात कॅल्शियमचा साठा मोठा. अल्कलिनिटी २.८ डीकेएच उतरते तेव्हा कॅल्शियम जेमतेम २० पीपीएम उतरतं. तेवढा फरक तर आपल्या हातून थेंब मोजतानाही पडतो. दोन इंचांच्या तुकड्याला तुमचं रविवारचं पाणी पुरत होतं, ताटाला कसं पुरणार? १० टक्के पाणी बदललं की तूटही १० टक्केच भरते. किट आणा, तीन दिवस सकाळी एकाच वेळी मोजा. पाणी बदलू नका, काही घालू नका.

डोंबिवलीचा_मासा
मध्येच विचारतो. माझ्या गोड्या पाण्याच्या दोन टाक्या आहेत. हे प्रवाळ इकडे कुठे मिळेल?

चिवला_बीच (मालवण)
नको रे बाबा. वन्यजीव संरक्षण कायद्यात सगळी दगडी प्रवाळं २००१पासून अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. कोणी विकत असेल तरी घेऊ नकोस. बघायचीच असतील तर मालवणला ये, पाण्यात तोंड घालून बघ. फक्त त्यांच्यावर उभा राहू नकोस.

मीठपाणी
तीन दिवसांची अल्कलिनिटी: ६.७, ६.३, ५.९. हात कापतोय लिहिताना.

खारावारा
रोज ०.४ जातंय. खडक वजा करून पाणी साधारण १३० लिटर धरा. १०० लिटरला १ डीकेएच चढवायला ३ ग्रॅम खायचा सोडा लागतो. रोजची घट भरायला दीड ग्रॅम, वर चढवायला दोन, असे साडेतीन ग्रॅम. एकदम ८वर न्यायचा मोह आवरा, त्या झटक्याने उरलेलंही सोलून निघेल. आरओच्या पाण्यात विरघळवून पंपाच्या धारेसमोर हळूहळू ओता. सोडा म्हणजे सोडाच, बेकिंग पावडर नाही, इनो तर नाहीच. पुढे कॅल्शियम क्लोराइडही लागेल, पण दोन्ही एकाच वेळी ओतू नका, पांढरा चोथा होतो.

मीठपाणी
दहा दिवसांनी लिहितेय. पाच दिवसांपासून ७.९वर टिकवलंय. डाग तळहाताच्या निम्म्यावर थांबला, त्यावर हिरवं शेवाळ धरलंय. गंमत म्हणजे रोजची घट आता ०.६ झाली, म्हणजे बाईसाहेब पुन्हा जेवायला लागल्या. एक हॅमर अजून रुसलेला आहे. सोन्याचा वजनकाटा सोड्यासाठी घेतला म्हणून सासूबाईही.

मेलेला भाग कापू का?

खारावारा
नको. कडेकडे लक्ष ठेवा.