ग्रॅम्प्समध्ये एकाच शाखेची माणसं कशी निवडायची? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमच्या घराण्याची वंशावळ ग्रॅम्प्स या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरतोय. आतापर्यंत ६४० नावं झाली. खापरपणजोबांना चार मुलगे, म्हणजे चार शाखा. कुलवृत्तांतासाठी प्रत्येक शाखेला वेगळा टॅग लावायचाय.

लोकांच्या यादीत कंट्रोल दाबून एकेक नाव निवडलं आणि टॅग लावला. साठेक नावांनंतर डोळे फिरले, त्यात मध्येच चुकून क्लिक झालं की सगळी निवड जाते! मग ‘अमुक व्यक्तीचे वंशज’ असा फिल्टर बनवला. काम झटक्यात झालं, पण घोळ असे:

सुना येतच नाहीत, कारण त्या वंशज नाहीत. त्यांची नोंद मी माहेरच्या आडनावाने केलीय, त्यामुळे आडनावानुसार गट पाडले तर त्या भलतीकडेच जातात. उलट लेकींची नातवंडं-पतवंडं सगळी येतात. ती मला हवी आहेत, पण वेगळ्या टॅगखाली.

सगळ्यात अवघड म्हणजे दत्तक. धाकट्या शाखेतला एक मुलगा थोरल्या शाखेत दत्तक गेला. दोन्ही आईवडील नोंदवले आणि नातं ‘दत्तक’ असं निवडलं, तरी तो आणि त्याची मुलंबाळं दोन्ही फिल्टरमध्ये दिसतात. आजी म्हणायची, दत्तक गेला की गोत्र बदललं. हे सॉफ्टवेअरला कसं सांगू?

एका फिल्टरच्या निकालावर दुसरा फिल्टर लावून सुना जोडणं आणि दत्तकाची पोरं वगळणं कुणी केलंय का? नियम कोणत्या क्रमाने लावले, तेवढं सांगा.